दुखणं एकीकडे, बिघाड दुसरीकडे: रोजच्या तक्रारी आणि शरीराची रचना (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे प्रश्न वाचकांकडून पुन्हा पुन्हा येतात. उत्तरं देताना आधी आत काय घडतं ते सांगितलं आहे, कारण ते कळलं की घरचा कोणता उपाय लागू पडेल आणि कोणता नुसता समाधानापुरता आहे, हे तुमचं तुम्हालाच उमगतं. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. घोळणा फुटला तर डोकं मागे करून झोपवायचं की पुढे वाकवायचं?

पुढे. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याच्या अगदी पुढच्या भागात चार-पाच धमन्यांची टोकं एकत्र येऊन जाळं करतात, आणि दहांतले नऊ घोळणे तिथेच फुटतात. उन्हाळ्यातली कोरडी हवा, नाकात बोट घालण्याची सवय आणि सर्दी एवढं त्याला पुरतं. सुदैवाने ही जागा बोटांच्या चिमटीत येते.

बसवा, मान किंचित पुढे घ्या आणि हाड संपतं त्याच्या खालचा नाकाचा मऊ भाग अंगठा-तर्जनीत पकडून सलग १० ते १५ मिनिटं दाबून ठेवा. घड्याळ लावून. दर मिनिटाला 'थांबलं का' म्हणून चिमटी सोडली की जमत आलेली गुठळी निघते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. वरचं हाड दाबून काहीच होत नाही. डोकं मागे केलं की रक्त थांबत नाही, फक्त दिसेनासं होतं. ते घशातून पोटात उतरतं, पोटाला मानवत नाही, मग काळपट उलटी होते आणि घरचे दुप्पट घाबरतात. कांदा हुंगवल्याने नुकसान नाही, पण ज्या हातात कांदा धरता त्याच हाताने नाक धरलेलं बरं.

दोनदा नीट दाबूनही अर्ध्या तासात थांबलं नाही, डोक्याला मार लागला असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर दवाखाना गाठा. वयस्कर माणसात रक्त पुढून कमी आणि घशातून जास्त येत असेल, तर फुटलेली जागा मागे खोल असते. तिथे चिमटी पोचत नाही.

२. उचकी थांबवायला श्वास रोखायला सांगतात. त्याने खरंच थांबते का?

बरेचदा थांबते. छाती आणि पोट यांच्यामधला श्वासपटल नावाचा स्नायू अचानक आखडतो, हवा आत ओढली जाते आणि त्याच क्षणी स्वरयंत्राचं दार धाडकन बंद होतं. उचकीचा आवाज त्या दाराचा. श्वास रोखला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि हा झटका मंदावतो. गार पाणी सलग घोट घोट प्यायल्याने घशातल्या नसा चाळवतात आणि तेच साधतं. कोणी आठवण काढतंय का याची यादी करण्यातही श्वास थोडा रोखला जातोच!

श्वासपटलाला चालवणारी नस छातीतून नाही, मानेतून निघते. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मानेच्या नसमुळांतून ती थेट खाली येते. हे लक्षात ठेवा, प्रश्न ११ मध्ये कामाला येईल. ४८ तासांहून जास्त टिकलेली उचकी मात्र डॉक्टरांना दाखवायची.

३. मांडी घालून बसलं की पायाला मुंग्या येतात. रक्त अडतं का?

मुख्यतः नस दबते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली, बोटाला एक हाडाचा उंचवटा लागतो. त्याच्या मानेला वळसा घालून एक नस पायात उतरते आणि तिथे तिच्यावर कातडीशिवाय फारसं आवरण नसतं. मांडी, वज्रासन, उकिडवं बसणं, सगळ्यांत ती चेपली जाते. पाय मोकळा केला की काही मिनिटांत झिणझिण्या येऊन संवेदना परतते.

नस तासनतास दबली तर काम वेगळं होतं. दिवसभर उकिडवं बसून खुरपणी केल्यावर किंवा फार वेळ वज्रासनात बसल्यावर पाऊल वर उचलता न येणं, चप्पल पायातून निसटणं, चालताना पंजा फरफटणं असं दिसलं तर ती थकव्याची कमजोरी नव्हे. नस दुखावली आहे. बहुतेकांची आठवड्यांत किंवा काही महिन्यांत भरून येते, पण तपासणी लगेच हवी आणि तसं बसणं बंद.

४. हाताला मुंग्या येतात. बोटांवरून कारण कळतं का?

बरंच कळतं. अनामिका नीट तपासा. तिची अर्धी बाजू एका नसेकडे, अर्धी दुसरीकडे असते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू बधिर असेल तर नस मनगटातल्या अरुंद बोगद्यात दबते आहे. करंगळी आणि अनामिकेची उरलेली अर्धी बाजू असेल तर दाब बहुधा कोपरात आहे. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत जी कळ जाते ती याच नसेची. मोबाइल कानाला लावून तासभर कोपर दुमडून ठेवणाऱ्यांत ही तक्रार नेहमीची.

मनगटातला त्रास रात्री वाढतो, कारण झोपेत मनगट दुमडलेलं राहतं. हात झटकल्यावर बरं वाटतं. मनगट सरळ ठेवणारा पट्टा रात्री चार ते सहा आठवडे बांधून पाहा. गरोदरपण, थायरॉइड कमी असणं आणि मधुमेह यांत हे जास्त दिसतं. एक बारकावा असा की या त्रासात अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या तळव्याच्या कातडीला संवेदना शाबूत असते, कारण तिथली फांदी बोगद्यात शिरण्याआधीच सुटते. तिथेही बधिर असेल तर मानेकडे बघावं लागतं.

दोन्ही तळपायांना सारख्या मुंग्या येत असतील तर गोष्ट दबलेल्या नसेची नाही. सर्वांत लांब नसा आधी थकतात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते. साखर आणि बी-१२ तपासा. शुद्ध शाकाहारी आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) घेणारे यांनी बी-१२ विसरू नये.

५. रात्री पोटरीत गोळा येतो तेव्हा नेमकं काय करायचं?

गुडघा सरळ ठेवा आणि पायाची बोटं नडगीकडे ओढून ३० सेकंद धरा. गुडघा सरळ ठेवायचं कारण असं की पोटरीचा वरचा स्नायू गुडघ्याच्याही वर जाऊन मांडीच्या हाडाला चिकटलेला असतो. गुडघा वाकला की तो सैल पडतो आणि तुम्ही पंजा कितीही ओढलात तरी ताण पोचत नाही. 'ओढून पाहिलं, फरक नाही' म्हणणारे बहुतेक गुडघा दुमडूनच ओढत असतात. उठवत असेल तर जमिनीवर टाच टेकवून उभं राहिल्यानेही सुटतो.

झोपेत, त्यात जड पांघरुणाखाली, पाऊल खाली झुकतं. पोटरी आधीच आखूड अवस्थेत असते आणि त्यातच आकुंचन झालं की गोळा. म्हणून झोपण्याआधी भिंतीला हात लावून, टाच जमिनीला ठेवून, ३०-३० सेकंद तीनदा पोटरी ताणा. केळी खुशाल खा, पण रात्रीच्या गोळ्याला पोटॅशियमची कमतरता क्वचितच जबाबदार असते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तो अपवाद. पोटरी दुखून एकच पाय सुजला आणि गरम लागला तर ताणत बसू नका, प्रश्न १३ पाहा.

६. ठसका लागला की 'वर बघ' म्हणून टाळूवर थापटतात. बरोबर आहे का?

नाही. श्वासनलिका पुढे आणि अन्ननलिका तिच्या मागे. घास गिळताना स्वरयंत्र वर उचललं जातं आणि झाकण पडतं. बोलता बोलता खाल्लं की झाकण चुकतं. हनुवटी वर केली की श्वासाचा मार्ग आणखी उघडा पडतो. माणूस खोकतोय, बोलतोय, तोवर त्याला पुढे झुकून खोकू द्या. खोकल्याइतका जोर बाहेरून लावता येत नाही.

आवाज फुटत नाही, खोकला येत नाही, हात गळ्याकडे जातोय, असं दिसलं तर मात्र सेकंद मोजायचे. पुढे वाकवून दोन खवाट्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने ५ जोरदार थापा. नाही निघालं तर मागून कवेत घेऊन, बेंबी आणि छातीचं हाड यांच्या मध्ये मूठ ठेवून, आत आणि वर असे ५ झटके. आलटून पालटून चालू ठेवा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. गरोदर बाईला पोटाऐवजी छातीवर दाब. एक वर्षाखालच्या बाळाला पोटावर दाब कधीच नाही. हातावर पालथं धरून, डोकं खाली ठेवून पाठीवर ५ थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध ५ दाब. न दिसणारी वस्तू काढायला घशात बोट घालू नका, ती आणखी आत जाते.

फसवा प्रकार पुढे आहे. मूल शेंगदाणा किंवा सीताफळाची बी खाताना ठसकलं, निळं पडलं, मग शांत झालं. घरचे निर्धास्त. बी मात्र बहुधा उजव्या फुप्फुसाच्या नळीत असते, कारण ती नळी डावीपेक्षा रुंद आणि सरळ आहे. नंतरचे काही दिवस छातीत एकाच बाजूला सूं-सूं, न हटणारा खोकला, ताप. अशा वेळी डॉक्टरांना ठसक्याची हकिगत आवर्जून सांगा. बी एक्स-रेमध्ये दिसत नाही.

७. घाट चढताना कान ठीक असतात, उतरताना मात्र दडे बसतात. असं का?

कानाच्या पडद्यामागे हवेचा छोटा कप्पा आहे आणि तो साडेतीन सेंटीमीटरच्या नळीने नाकाच्या मागे जोडलेला आहे. चढताना आतली जादा हवा नळीतून आपोआप बाहेर पडते. उतरताना बाहेरचा दाब वाढतो, नळीचं मऊ तोंड चेपलं जातं आणि गिळल्याशिवाय उघडत नाही. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर आहे. आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना हजार मीटरहून जास्त उतार एका दमात होतो. उताराला लागल्यापासूनच गोळी चघळा, जांभया द्या. नाहीच तर नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हलकेच फुंका. जोर लावायचा नाही.

सर्दी झालेली असेल तर नळीचं तोंड सुजलेलं असतं. विमानात बसायचंच असेल तर नाक मोकळं करणारे थेंब उतरण्याआधी अर्धा तास घाला, पण अशा थेंबांची सवय लावू नका. लहान मुलांत ही नळी आखूड आणि आडवी असते. आडवं झोपवून बाटलीने दूध पाजल्यावर कान वाहण्याचं एक कारण हेच.

८. उठल्यावर चक्कर येते. मानेचा त्रास आहे का?

आधी 'उठल्यावर' म्हणजे केव्हा ते ठरवा.

उभं राहिल्यावर डोळ्यांसमोर अंधारी येत असेल तर ती रक्तदाबाची गोष्ट. उभं राहताच अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांत आणि पोटात उतरतं. मानेतल्या धमनीतले दाब मोजणारे तंतू हृदयाला आणि शिरांना सावध करतात. पाणी कमी प्यायलेलं, वय झालेलं, मधुमेह जुना किंवा रक्तदाबाची गोळी जास्त असेल तर ही सावधगिरी उशिरा पोचते. झोपून आणि मग उभं राहून तीन मिनिटांच्या आत रक्तदाब मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर गोळ्यांचा डोस डॉक्टरांकडून तपासून घ्या. तोवर पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून पावलं वीसेक वेळा वर-खाली करा, मग उठा.

कूस बदलताना किंवा वरच्या फळीवरचा डबा काढताना खोली गरकन फिरत असेल आणि मिनिटाच्या आत थांबत असेल, तर आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक खडे जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत गेलेले असतात. याला गोळी नाही. डोकं ठरावीक क्रमाने वळवून खडे परत जागेवर आणतात. बहुतेकांना एक-दोन वेळात बरं वाटतं. मानेचा पट्टा बांधून महिनोनमहिने फिरणाऱ्यांत असे कितीतरी सापडतील.

चक्कर येताना बोबडी वळली, दोन-दोन दिसलं, चालताच येईना, तर ही दोन्ही कारणं बाजूला ठेवा आणि थेट मोठं रुग्णालय गाठा.

९. छातीत जळजळ होते म्हणून तीन उशा घेतो. तरी कमी का होत नाही?

उशांनी मान आणि छाती दुमडते, पोट चेपलं जातं आणि आम्ल उलट वर ढकललं जातं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजूच १५ ते २० सेंटीमीटर उचला, म्हणजे धड कमरेपासून तिरकं राहील. डाव्या कुशीवर झोपा. अन्ननलिका जठराला जिथे मिळते ती जागा या स्थितीत आम्लाच्या डबक्याच्या वर राहते. उजव्या कुशीवर ती खाली येते. रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तास सोडा. जळजळीवर प्यायलेलं दूध पहिली काही मिनिटं गार वाटतं, पण नंतर तेच आम्ल वाढवतं. महिनाभर रोज गोळी लागत असेल, गिळताना अडकत असेल किंवा वजन उतरत असेल तर दुर्बिणीने तपासून घ्या.

१०. गॅस आहे की हार्ट अटॅक, घरी कसं ओळखायचं?

खात्रीने ओळखता येत नाही, आणि हेच उत्तर जीव वाचवतं. हृदय, अन्ननलिका आणि डाव्या हाताची आतली बाजू यांच्या संवेदना पाठीच्या कण्यात जवळजवळ त्याच पायऱ्यांवर पोचतात. मेंदूला पत्ता नीट लागत नाही. हृदयाचा तळ तर श्वासपटलावर टेकलेला असतो, म्हणून तिथल्या झटक्यात पोटाच्या वरच्या भागात दुखतं, मळमळतं, उलटीही होते. ढेकर आला, बरं वाटलं, सोडा घेतला, बरं वाटलं, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

छातीवर कोणी बसल्यासारखा दाब, थंड घाम, जबडा किंवा हात जड, धाप, यातलं काहीही काही मिनिटांहून जास्त टिकलं तर १०८ बोलवा. स्वतः गाडी चालवू नका, जिना उतरू नका. मधुमेही, वयस्कर आणि स्त्रिया यांत दुखण्याऐवजी नुसती धाप आणि गळाल्यासारखं होणं असू शकतं. पहिला ईसीजी चांगला आला म्हणून घरी जायची घाई नको. तो थोड्या वेळाने पुन्हा काढतात आणि रक्तातलं ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाचा स्नायू दुखावला की वाढणारं प्रथिन, बघतात. बोटाने दाखवता येईल एवढ्याच जागी दुखतं आणि दाबल्यावर वाढतं, हे बरगड्यांच्या दुखण्याकडे बोट दाखवतं, पण पन्नाशीनंतर एवढ्यावर विसंबू नये.

११. पित्ताशयात खडे आहेत, मग उजवा खांदा का दुखतो?

पित्ताशय यकृताच्या खाली, श्वासपटलापासून जवळच आहे. त्याला सूज आली की श्वासपटलाची खालची बाजू चिडते आणि तिची नस, प्रश्न २ मध्ये सांगितल्याप्रमाणे, मानेतून येते. खांद्याच्या टोकाची कातडीही त्याच मुळांवर. मेंदू खांद्याचं नाव घेतो. ओळखायची खूण सोपी आहे. हात फिरवून दुखणं बदलत नाही, तेलकट जेवणानंतर ते सुरू होतं आणि तास-दोन तास टिकतं. सोबत थंडी वाजून ताप किंवा डोळे पिवळे झाले तर त्याच दिवशी रुग्णालय.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर खांदा दोन-तीन दिवस दुखतो तो याच रस्त्याने. पोटात भरलेला वायू श्वासपटलाखाली अडकलेला असतो. आणि मोटारसायकलवरून पडून पोटाला डाव्या बाजूला मार लागलाय नि डाव्या खांद्याचं टोक दुखतंय, तर खांद्याचा एक्स-रे काढत बसू नका. प्लीहा, म्हणजे डाव्या बरगड्यांखालचा रक्ताने भरलेला अवयव, फाटलेली असू शकते.

१२. बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घेतलं तर चालतं का?

बेंबी सरकत नाही. ती नाळेचा व्रण आहे. जन्मानंतर तिच्यामागच्या रक्तवाहिन्या सुकून दोऱ्यांसारख्या होतात, जागेवरून हलेल असं तिथे काही उरत नाही. 'बेंबीवर ठोका लागतो का' असं अंगठा रोवून बघतात, तो ठोका महाधमनीचा. बेंबीच्या जवळपास, कण्याला चिकटून ती दोन फांद्यांत विभागते. सडपातळ माणसात ठोका लागतो, पोट सुटलेल्यात किंवा गॅसने फुगलेल्यात लागत नाही. ठोका हलला असं वाटतं ते बोट हललं म्हणून.

मग चोळल्यावर बरं कसं वाटतं? आतड्याचा पीळ बहुतेक वेळा तासा-दोन तासांत आपोआप सुटतो आणि श्रेय चोळणाऱ्याला मिळतं. एवढंच असतं तर हरकत नव्हती. पण अपेंडिक्सचं दुखणंही बेंबीभोवतीच सुरू होतं, कारण त्याच्या संवेदना कण्यात बेंबीच्या कातडीच्या पायरीवरच पोचतात. १२ ते २४ तासांत सूज पोटाच्या आवरणाला भिडली की दुखणं उजवीकडे खाली सरकतं. कमरेच्या हाडाचं पुढचं टोक आणि बेंबी यांना जोडणाऱ्या रेषेवर, हाडापासून एक तृतीयांश अंतरावर बोट ठेवा. तिथे कळ येते, खोकल्यावर दुखतं, भूक मेलेली असते, आधी दुखणं आणि मग उलटी. अशा पोटावर चोळणं आणि एरंडेल हे दोन्ही अपेंडिक्स फुटायला हातभार लावतात. कुणाचंही पोट पहिल्यांदा असं दुखत असेल तर चोळू नका, जागा बदलते का याकडे लक्ष ठेवा आणि वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.

१३. संध्याकाळी पाय सुजतात. मीठ बंद करू का?

आधी एक पाय की दोन, ते पाहा. पायातलं रक्त वर चढवण्याचं काम पोटरीचं. ती चालताना शिरा पिळते आणि शिरांमधल्या झडपा रक्त परत उतरू देत नाहीत. दिवसभर काउंटरमागे उभं राहिलं किंवा रात्रभर बसमध्ये पाय लोंबकळत राहिले की पंप बंद. दोन्ही पाय सारखे सुजून सकाळी उतरत असतील तर दर तासाला टाचा वीस वेळा उचला आणि घरी आल्यावर पाय हृदयाच्या पातळीहून वर ठेवा. स्टुलावर ठेवणं पुरत नाही.

रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन चालू असेल तर सूज गोळीची असू शकते. ती मीठ सोडून जात नाही. गोळी स्वतः बंद न करता बदलून मागा. धाप लागत असेल तर हृदय, सकाळी डोळ्यांभोवती सूज असेल तर मूत्रपिंड तपासायचं.

एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखते, गरम आहे, त्यातही शस्त्रक्रिया, बाळंतपण किंवा लांबच्या प्रवासानंतर, तर शिरेत गुठळी असू शकते. चोळायचं नाही, त्याच दिवशी सोनोग्राफी. पूर्व विदर्भात एक पाय हळूहळू, महिनोनमहिने सुजत गेला तर हत्तीरोग डोक्यात ठेवतात. त्याचे जंतू रक्तात रात्री फिरतात, म्हणून नमुना रात्री घेतला जातो.

१४. कमरेत उसण भरली, एमआरआयमध्ये 'गादी सरकली' आलं. आता ऑपरेशनच का?

बहुतेकांना नाही. मणक्यांमधली गादी वरच्या-खालच्या हाडांना घट्ट चिकटलेली असते, ती सरकत नाही. तिच्या आतला मऊ गर फुगतो किंवा बाहेर डोकावतो. कसलंही दुखणं नसलेल्या पुष्कळ लोकांच्या एमआरआयमध्येही फुगलेली गादी दिसते. दुखणं फक्त कमरेत असेल तर दोन दिवसांहून जास्त अंथरुणावर पडू नका. शेक घ्या, चालत राहा.

भरलेलं घरगुती सिलिंडर साधारण ३० किलोचं असतं, त्यात गॅस १४.२ किलो. कमरेत वाकून, हात लांब करून उचललं तर कण्याच्या खालच्या दोन गाद्यांवर त्याच्या कितीतरी पट दाब येतो. तेच गुडघ्यात वाकून, छातीशी धरून उचललं तर खूप कमी. शक्यतो सिलिंडर त्याच्या तळाच्या कडेवर तिरकं करून फिरवत न्या.

कळ गुडघ्याखाली उतरली तर नसेचा प्रश्न. पायाच्या अंगठ्याकडे बधिरपणा असेल तर बहुधा शेवटून दुसरी गादी, करंगळीकडे आणि टाचेकडे असेल तर शेवटची. यातलेही बरेच सहा ते बारा आठवड्यांत सुधारतात. एकाच गोष्टीत थांबायचं नाही. बसताना खुर्चीला टेकणारा भाग बधिर, लघवी तुंबली किंवा नकळत झाली, तर त्याच रात्री शस्त्रक्रिया करू शकणारं रुग्णालय गाठायचं.

१५. मुलाचा गुडघा महिनाभर दुखतोय, एक्स-रे चांगला आहे. नाटक करतोय का?

खुब्याचा एक्स-रे काढलात का? खुब्याला आणि गुडघ्याला काही नसा समाईक आहेत, म्हणून खुब्यातला बिघाड पुष्कळदा फक्त गुडघ्यात दुखतो. उताणं झोपवून गुडघा-खुबा काटकोनात वाकवा आणि पाऊल हळूच बाहेरच्या बाजूला न्या, म्हणजे खुबा आतल्या बाजूला वळतो. एकीकडे कमी वळत असेल किंवा मूल कळवळलं, तर दोष गुडघ्यात नाही. चार ते आठ वर्षांच्या मुलात खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा कमी पडतो, तर वयात येणाऱ्या, वजन जास्त असलेल्या मुलात तो गोळा हाडावरून घसरतो. घसरत असेल तर मुलाला त्या पायावर उभंही राहू न देता अस्थिरोगतज्ज्ञाकडे न्यावं, आणि एक्स-रे दोन्ही खुब्यांचा, बेडकासारखे पाय फाकवूनही एक, असा मागावा.